बाक आणि बँक

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे मराठीत म्हणतात. शब्दांच्या बाबतीत हा निर्बंध कोणी पाळीत नाही, व पाळण्याचे कारणही नाही. कित्येकदा एखाद्या शब्दाचे मूळ शोधीत गेले असता त्याच्या मागे उभा असलेला समाज, त्या समाजाचे व्यवहार आणि त्या व्यवहारांत माणसांनी खाल्लेल्या ठोकरा, या सर्वांचा इतिहास हाती लागतो. इंग्रजीतील ‘बँक’ हा शब्द या प्रकारचा आहे. तो आज मराठीत इतका रुळला आहे की, खेड्यातील निरक्षर म्हातारीसही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. परंतु ज्या भाषेतून तो मराठीत आला, त्या भाषेत त्याचा अर्थ एकच नाही.

इंग्रजीत नदीच्या काठालाही बँक म्हणतात आणि पैसे ठेवण्याच्या पेढीलाही बँक म्हणतात. समुद्राच्या तळाशी साचलेला वाळूचा उंचवटा ही बँक, क्षितिजावर रचलेली ढगांची रास हीही बँक, आणि जुन्या गलबतातील वल्हेकऱ्यांची रांग तीही बँकच. विमान वळताना एका अंगाला कलते, त्या क्रियेलाही हेच नाव आहे. जुगाराच्या अड्ड्यावर डाव मांडणाऱ्याजवळची रक्कम ही बँक असते आणि एखाद्याच्या शब्दावर विसंबून राहणे हेही इंग्रजीत याच शब्दाने सांगता येते. काठ, रास, रांग, उतार, पेढी आणि भरवसा हे अर्थ वरवर पाहता एका घरातील वाटत नाहीत. शब्दकोशकारही त्यांना एकाच शब्दाखाली न घालता निरनिराळे शब्द म्हणून नोंदवितात. तथापि कुळाचा शोध घेत मागे गेले म्हणजे ही सर्व भावंडे एकाच घरातून निघाली, असे दिसून येते.

ते घर प्राचीन जर्मानिक भाषांचे होय. इंग्रज, जर्मन, डच, डेन इत्यादी लोकांच्या पूर्वजांच्या बोलीत या शब्दाचा मूळ अर्थ जमिनीपासून थोडी उंच असलेली सपाट जागा, फळी किंवा ओटा असा असावा. निसर्गाने केलेला ओटा म्हणजे नदीचा काठ अथवा टेकडीचा उतार, आणि माणसाने केलेला ओटा म्हणजे बसावयाचा बाक. या दोन अर्थांतून पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट उत्तरेकडील समुद्रावरून थेट इंग्लंडात गेली. दुसरी आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरली आणि तेथून अनेक शतकांनी, निराळ्याच वेषात, इंग्लंडात पोहोचली.

पहिल्या वाटेचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. नवव्या आणि दहाव्या शतकांत उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत वसाहती केल्या. त्यांच्या भाषेतील कित्येक शब्द इंग्रजीत मिसळले. काठ किंवा उंचवटा या अर्थाचा ‘बँक’ हा त्यांपैकीच एक समजला जातो. पुढे वाळूची, ढगांची, धुक्याची रास असे त्याचे अर्थ वाढत गेले. उंचवट्याला उतार आला, आणि उतारावरून विमानाचे कलणेही आले. या अर्थाचा एक अवशेष महाराष्ट्रातील प्रवाशांच्या रोजच्या परिचयाचा आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जत येथे आणि नाशिककडे जाणाऱ्या गाडीला कसारा येथे घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लावतात. भोर आणि थळ या दोन्ही घाटांतील सर्वांत खडा चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. या इंजिनांना रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. या बँकरचा पैशाशी काडीचाही संबंध नाही. इंग्लंडातील रेल्वेवाले चढाच्या मार्गाला बँक म्हणत, आणि तो चढ चढावयास मदत करणारे इंजिन ते बँकर झाले.

बसावयाच्या बाकाचा अर्थ इंग्रजीने आपल्या जुन्या घरगुती रूपात, म्हणजे ‘बेंच’ या शब्दात, जतन केला. न्यायाधीश ज्या बाकावर बसत त्यावरून न्यायासनालाच बेंच म्हणू लागले. मराठीत या बेंचला ‘खंडपीठ’ असा प्रतिशब्द योजलेला आहे आणि त्यातील ‘पीठ’ म्हणजेही आसनच. बसण्याच्या वस्तूवरून बसणाऱ्याचा अधिकार सूचित करावा, ही रीत सर्वच समाजांत आढळते. राजाची गादी, मठाची गादी आणि सावकाराची गादी या मराठी शब्दप्रयोगांत तीच रीत आहे.

आता दुसरी वाट. सन ५६८ मध्ये लोंबार्ड नावाच्या जर्मानिक टोळ्या इटलीत घुसल्या. उत्तर इटलीतील एका प्रांताला त्यांच्यावरून लोंबार्डी हे नाव मिळाले. अशा टोळ्यांबरोबर बाकाचा शब्द इटलीत गेला. आजही इटालियन भाषेत बसावयाच्या बाकाला ‘पांका’ आणि पेढीला ‘बांका’ असे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत. मध्ययुगात जिनोआ, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही व्यापारी शहरे भरभराटीस आली, तेव्हा प्रत्येक शहराची आणि संस्थानाची नाणी निराळी होती. वजन निराळे, कस निराळा, आणि कडा कापलेली नाणी तर सर्वत्र. अशा स्थितीत नाणी पारखून ती बदलून देणारा सराफ हा बाजाराचा आधार होता. तो चौकात एक बाक मांडी आणि त्यावर आपला व्यवहार करी. त्या बाकावरूनच त्याला नाव पडले. बाराव्या शतकातील जिनोआच्या दस्तऐवजांत अशा सराफांचा ‘बांकेरिअस’ म्हणून उल्लेख येतो. हळूहळू लोक त्याच्याकडे पैसा ठेवू लागले आणि एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर रक्कम फिरवू लागले. बाक तोच राहिला, परंतु त्याच्यावरचा व्यवहार पार बदलला. फ्लॉरेन्समध्ये या धंद्याची साधने म्हणजे मेज, त्यावर अंथरलेले कापड, पैशांची थैली आणि हिशेबाची वही. पुढच्या काळातील प्रचंड इमारतींचे बीज एवढ्या सामानात होते.

सराफाच्या आसनावरून त्याच्या धंद्याला नाव मिळावे, ही गोष्ट केवळ इटलीतच घडली असे नाही. प्राचीन अथेन्समधील सराफ मेज मांडून बसत. मेजाला ग्रीक भाषेत ‘त्रापेझा’ म्हणतात, आणि आजही ग्रीस देशात बँकेच्या दारावर हाच शब्द लिहिलेला असतो. भूमितीतील ‘ट्रॅपिझियम’ ही आकृतीही याच मेजाची कन्या. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अथेन्समधील सर्वांत नामांकित पेढीचा मालक पॅसिअन हा मूळचा गुलाम होता. मालकांची पेढी सांभाळता सांभाळता तो स्वतंत्र झाला आणि अखेरीस त्या नगरीचा नागरिक झाला.

मराठीतही तोच प्रकार. ‘पेढी’ हा शब्द संस्कृत ‘पीठिका’ या शब्दापासून आला, म्हणजे मुळात तोही बैठकच. जेवावयास बसण्याचे ‘पिढे’ हे त्याचेच आप्त. काही गावांत सराफकट्टा नावाची पेठ आहे, आणि कट्टा म्हणजे बसावयाचा ओटाच. याहून मौजेची गोष्ट अशी की, इंग्रजी अमलाबरोबर ‘बँक’ हा शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधी त्याचे सख्खे भावंड येथे येऊन राहिले होते. सन १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला, आणि त्यांच्या भाषेतील बाकाचा शब्द कोकणीत ‘बांक’ व मराठीत ‘बाक’ म्हणून रुजला. शाळेतील मुले ज्यावर बसून धडे गिरवितात तो बाक, आणि त्यांचे वडील जेथे शिलकेचे चार पैसे ठेवतात ती बँक, हे दोन्ही एकच शब्द आहेत. एक लिस्बनहून आला, दुसरा लंडनहून, एवढाच काय तो फरक.

चौकातील बाकाचा एक मोठा गुण होता. तो उघड्यावर असे. सराफ कोठे बसतो, त्याच्यापुढे किती गर्दी आहे, तो मागितल्याबरोबर पैसे देतो की सबबी सांगतो, हे सारे येणारे-जाणारे पाहात. परंतु बाकावरील थैलीत जेवढे दिसते त्याहून अधिक देणे सराफाच्या वहीत असू शकते, हेही लोकांना लवकरच कळून आले. स्पेनमधील बार्सिलोना शहराने चौदाव्या शतकाच्या आरंभी असा निर्बंध केला की, ज्या सराफाने योग्य जामीन दिला असेल त्यानेच आपल्या मेजावर कापड अंथरावे. इतरांनी उघड्या फळीवर धंदा करावा. कापड पाहिले की गिऱ्हाइकाने समजावे, येथे बुडालो तर कोणीतरी भरून देणारा आहे. ठेवीच्या संरक्षणाची कल्पना नवी समजली जाते, पण त्या कापडाच्या तुकड्यात तिचे मूळ दिसते. जे बुडवीत त्यांना शिक्षाही तशीच कडक होती. सन १३६० मध्ये फ्रान्सेस्क कास्तेल्यो या सराफाचा त्याच्याच पेढीसमोर शिरच्छेद करण्यात आला.

बाकाबरोबरच त्याच्या मोडण्याचा शब्दही जन्मास आला. इटालियन भाषेत ‘बांका रोत्ता’ म्हणजे मोडका बाक. त्यावरून फ्रेंच आणि नंतर सोळाव्या शतकात इंग्रजी ‘बँकरप्ट’ हा शब्द झाला. त्यातील ‘प’ हा उच्चार मागाहून लॅटिनच्या धर्तीवर विद्वानांनी घुसडला. देणे न भागविणाऱ्या सराफाचा बाक लोक भर चौकात फोडून टाकीत, अशी एक कथा यासंबंधी सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ‘मोडला’ हा शब्द लाक्षणिक अर्थानेही चालत असे, आणि मराठीतही माणूस ‘मोडला’ म्हणजे काय हे सांगावयास नको. मराठीतील ‘दिवाळे’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. ज्याचे देणे अंगाबाहेर गेले तो सावकार आपल्या दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवी, म्हणून त्या स्थितीस दिवाळे म्हणू लागले, असे सांगण्यात येते. एका देशात लोकांनी येऊन बाक मोडावयाचा, दुसऱ्या देशात स्वतः सावकाराने दिवा लावावयाचा. कथा दोन, परंतु त्यांतील अपेक्षा एकच आहे. ज्याने चार लोकांत बसून विश्वास मिळविला, त्याने तो गमावल्याचेही चार लोकांस दिसले पाहिजे.

इटलीतील बाक इंग्लंडात गेला तो इटालियन सावकारांबरोबर. सन १२९० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने ज्यू लोकांना देशाबाहेर घालविले, आणि सावकारीतील त्यांची जागा या मंडळींनी अधिकच व्यापली. लंडनमध्ये त्यांची वस्ती होती त्या रस्त्याचे नाव लोंबार्ड स्ट्रीट. जर्मानिक टोळ्यांनी इटलीत नेलेला शब्द त्याच टोळ्यांचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर, पैशाचा अर्थ अंगावर लेवून, जर्मानिक भाषा बोलणाऱ्या देशात परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पेढी या अर्थाचा ‘बँक’ शब्द दिसू लागतो. सन १६९४ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी इंग्लंडच्या सरकारास १२ लक्ष पौंड ८ टक्के व्याजाने कर्जाऊ देऊन ‘बँक ऑफ इंग्लंड’ स्थापन झाली. तेव्हापासून बँक म्हणजे एका माणसाचे आसन न राहता ती एक संस्था झाली.

अर्थशास्त्राच्या काही पाठ्यपुस्तकांत बँक हा शब्द बाकावरून आलेला नसून रास या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आला, असे एक मत दिलेले असते. इटलीतील शहरे नागरिकांकडून उभारलेल्या कर्जाच्या निधीस ‘मोंते’, म्हणजे डोंगर, म्हणत. त्याचेच हे भाषांतर, असा त्या मताचा आधार. शब्दाचा प्रवास पाहता बाकाचा पक्षच बळकट ठरतो. शिवाय रास आणि बाक हे दोन्ही अर्थ एकाच ओट्याचे असल्यामुळे या वादात पराभूत पक्षाचेही फारसे नुकसान होत नाही.

हा शब्द मुंबईत आला आणि मोडका बाक म्हणजे काय, हे मुंबईने एकोणिसाव्या शतकात पुरतेपणी अनुभविले. सन १८४० मध्ये ‘बँक ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तीत सरकारचे भाग होते व सरकारने नेमलेले संचालकही होते, त्यामुळे तिच्यावर लोकांचा मोठा विश्वास होता. सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडात जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे मुंबईकडे लागले. पुढील चार वर्षांत कापसाच्या चढ्या भावामुळे मुंबईत नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त आले, असा अंदाज आहे. एवढा पैसा ठेवावा कोठे, याचे उत्तर म्हणून रोज नवी कंपनी निघू लागली. सन १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका होत्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅक बे योजनेचे भाग मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले जात होते. व्यापारी, कारकून, वकील, सारेच भागांच्या सट्ट्यात उतरले.

बँक ऑफ बॉम्बेवर पूर्वी असे बंधन होते की, कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देऊ नये. सन १८६३ च्या नव्या कायद्याने ते बंधन सैल झाले. ज्यांचे भाव वाऱ्यावर चढले होते अशा कागदांवर बँक कर्ज देऊ लागली. त्या काळचे सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांचा बँकेच्या कारभारावर किती पगडा होता, हे पुढे चौकशीत उघड झाले. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आले. कापसाचे भाव कोसळले, त्यांच्यामागून भागांचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणेकरी असंख्य आणि देणारे मोजके, अशी अवस्था झाली. नव्या बँका एकामागून एक नाहीशा झाल्या. बँक ऑफ बॉम्बेने आणखी काही काळ तग धरला, परंतु भांडवलाचा बहुतेक भाग बुडून सन १८६८ मध्ये ती मोडीत निघाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक काढण्यात आली व जुनीच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी सरकारने मंडळ नेमले. त्या भरभराटीच्या काळात प्रेमचंदांनी विद्यापीठास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा सन १८७८ मध्ये पुरा झाला. आई राजाबाई यांचे नाव धारण करून तो आजही वेळ दाखवीत आहे.

या प्रसंगात गुन्हा एकट्यादुकट्याचा नव्हता. बाक चौकातून उठून भिंतीआड गेला होता, हे खरे कारण. भागधारकांना वहीतील कर्जे दिसत नव्हती. त्यांना दिसत होती ती इमारत आणि सरकारचे नाव. बार्सिलोनाच्या मेजावरील कापड जामिनाची साक्ष देत होते. येथे कापड होते, पण त्यामागे जामीनच नव्हता.

पुढचा इतिहास हा तो जामीन शोधण्याचा इतिहास आहे. नवी बँक ऑफ बॉम्बे सन १९२१ मध्ये बंगाल व मद्रास येथील बँकांसह इंपीरिअल बँकेत विलीन झाली, आणि इंपीरिअल बँकेची १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली. मुंबईच्या त्या काळ्या दिवसास बरोबर ९० वर्षे त्या दिवशी पुरी झाली, हा केवळ योगायोग. सन १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर देशात ठेवींच्या विम्याचा विचार जोरात पुढे आला, आणि १ जानेवारी १९६२ रोजी त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. अमेरिकेनंतर अशी देशव्यापी व्यवस्था करणारा भारत हा दुसरा देश होय. प्रारंभी प्रत्येक ठेवीदारास १५०० रुपयांपर्यंत हमी होती. ती वाढत वाढत फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लक्ष रुपयांपर्यंत नेण्यात आली. मेजावर पुन्हा कापड अंथरले गेले. मात्र त्या कापडाची लांबी-रुंदी ठरलेली आहे, हे ठेवीदाराने विसरू नये.

एवढ्यावरही या शब्दाचा प्रवास थांबला नाही. सन १९३७ मध्ये शिकागो येथील एका सार्वजनिक रुग्णालयात डॉक्टर बर्नार्ड फँटस यांनी दात्यांचे रक्त साठवून गरजेच्या वेळी देण्याची सोय केली आणि तिला ‘ब्लड बँक’ असे नाव दिले. एकाने ठेवावे, दुसऱ्याने काढावे आणि मधल्याने ते इमानाने सांभाळावे, एवढाच बँकेचा अर्थ त्यांनी घेतला. पैसा त्यातून गळून पडला. मराठीने तिला ‘रक्तपेढी’ म्हटले आणि नकळत पुन्हा त्या जुन्या पीठिकेचेच स्मरण केले.

नदीचा काठ पाण्याला धरून ठेवतो आणि सराफाचा बाक लोकांच्या ठेवीला. काठ खचला तर पूर गावात शिरतो, बाक मोडला तर घरे बसतात. दोन्ही अर्थ एका शब्दात यावेत असे कोणी ठरविले नव्हते. परंतु ज्या अर्थी ते आले आहेत, त्या अर्थी पेढीवर बसणाऱ्याने आपण काठावर बसलो आहोत याची जाणीव ठेवावी, आणि पेढीवर ठेव ठेवणाऱ्याने, काठ कितीही भक्कम दिसला तरी, अधूनमधून तो खालून पोखरला जात नाही ना, हे वाकून पाहावे.